बाराबोरची नळी : बोअर करायची की बदलायची?

इंद्रायणी पोटरीत आलाय आणि डुकरं वेळेवर हजर झालीत. नाणे मावळात हे दरवर्षीचंच, त्यामुळे पंचनाम्याचं रडगाणं आज नको. आज बंदुकीच्या नळीबद्दल लिहितो, कारण गेल्या महिन्यात आमच्या घरात यावरूनच वाद चालला होता.

आमच्याकडे आजोबांच्या काळातली एकनळी बाराबोर आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. लोणावळ्याच्या पट्ट्यात वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. चार महिने भिंतीसुद्धा घाम गाळतात, तिथं लोखंडाची काय कथा! निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा होती. परत आली तेव्हा नळीत बॅटरी मारून बघितलं, तर आत देवीचे व्रण असावेत तसे खड्डे.

कामशेतचा लेथवाला मित्र म्हणाला, "दादा, तासाभराचं काम. बोअर मारतो, आरशासारखी करतो." आण्णांनाही ते पटलं, कारण आमच्या ट्रॅक्टरचा ब्लॉक एकदा बोअर करून झालाय आणि अजून चालतोय.

पण फरक इथंच आहे. इंजिन बोअर केलं की ओव्हरसाइज पिस्टन मिळतो. बंदुकीला ओव्हरसाइज काडतूस मिळत नाही. बाराबोरचा आतला व्यास ठरलेला, साधारण 18.5 मिलिमीटर. तो वाढवला की काडतूस तेच राहतं आणि नळीची भिंत तेवढी पातळ होते. इंजिनाच्या ब्लॉकला बाहेरून जाड ओतीव असतं, नळीला बाहेरून आपला डावा हात असतो.

रायफलीचं अजून वेगळं. तिच्यात आटे असतात. ती बोअर करायची म्हणजे जुने आटे काढून मोठ्या मापाचे नवे पाडायचे, म्हणजे कॅलिबरच बदललं. परवान्यावर एक आणि हातात दुसरं, असला खेळ आपल्याकडे चालत नाही.

मित्राला मी नाही म्हटलं, त्याचं दुसरं कारण कायदा. 1959 च्या शस्त्र कायद्यात बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. लेथ असून भागत नाही. तो बिचारा दोन पैशांसाठी आत गेला असता आणि आमचा परवानाही.

मग मूळ परवाना घेऊन, बंदूक रिकामी करून पिशवीत घालून पुण्यात परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे गेलो. म्हातारा माणूस, घाई नाही. त्यानं आधी आतलं माप घेतलं, मग भिंतीची जाडी. आत 18.7 भरलं. खड्डे खोल 0.2 आणि नळीच्या मध्यावर भिंत जेमतेम 0.6. खड्डे जाईपर्यंत घासायचं तर भिंत 0.4 वर येते. इंग्लंडात जुन्या बंदुका तपासणारे 20 थाऊ, म्हणजे अर्धा मिलिमीटर, ही साधारण खालची हद्द मानतात. हिशोब तिथंच संपला. नुसता वरचा गंज असता तर पॉलिश करून दिली असती, असं तो म्हणाला.

त्यानं एक गोष्ट दाखवली, ती जुनी बंदूक असलेल्यांनी जरूर बघावी. जुन्या नळ्यांची काडतुसाची खोली 65 मिलिमीटरची असू शकते. आजचं 70 चं काडतूस तिच्यात आरामात बसतं, कारण ती लांबी उडाल्यावर उलगडल्यानंतरची असते. उलगडायला जागा नसली की दाब वाढतो. बसलं म्हणजे चाललं असं नाही.

राहिली नवी नळी. ती बिजागरीशी हातानं जुळवावी लागते. आमची बिजागरीही सैल झालेली. त्याच्या अंदाजानं खर्च दुसऱ्या बंदुकीच्या आसपास जात होता. शिवाय नळीवर नंबर असतो, परवान्यावरची नोंद जुळली पाहिजे. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारल्याशिवाय नळीला हात लावू नका.

आण्णा दोन दिवस बोलले नाहीत. त्यांच्या बापाची बंदूक. त्यांचं म्हणणं, आवाजापुरतीच तर वापरतो. तेही खरं. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे, ती 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली वन खात्याकडून वेगळी लागते. पण आवाजाच्या बारालाही दाब असतोच, आणि रात्री माळ्यावर बंदूक धरणारा माझा धाकटा भाऊ असतो. हे बोललो तेव्हा ते गप्प झाले.

जुनी जमा करून त्याच परवान्यावर दुसरी घेण्याचा अर्ज दिलाय. हा हंगाम त्यात जाईल. तोवर बांधावर पत्र्याचे डबे, बॅटरी आणि पाळीनं जागरण. कालच्या रात्री वरच्या दोन खाचरांत कळप उतरला होता, खालची वाचली.