बेनामी ‘क’

बी. कॉम. झालेल्या माणसाने वेबसाईटच्या वाटेला जाऊ नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. पण आमच्या सौ.ने वाळूजच्या बजाजनगरात कामगारांसाठी डब्यांचा उद्योग काढला, आवर्ती ठेव मोडून पातेली आणली आणि म्हणाली, “अहो, वेबसाईट तेवढी तुम्ही करा.” घरात तिचा शब्द म्हणजे हेड ऑफिसचे सर्क्युलर!

हल्ली वेबसाईटी रेडिमेड मिळतात. चौकटी उचलायच्या नि मांडायच्या. मेनू डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टात करून दिला होता. तो मी चिकटवला, सेटिंगमध्ये फॉन्टचे नाव लिहिले. माझ्या संगणकावर ‘पिठलं-भाकरी’ अशी काही झळकली की मलाच भूक लागली.

पहिल्या दिवशी सौ.ने वीस डबे रांधले. फोन एकच आला. “साहेब, वेबसाईटवर पार्ट नंबर टाकलेत, ते माल स्टॉकला आहेत का?”

मी मोबाईलवर साईट उघडली. पिठल्याच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि कंसांची भेळ! वाळूजमध्ये असले काही दिसले की लोक ते सुटे भागच समजणार. ते वीस डबे आम्ही नि शेजाऱ्यांनी संपवले. सौ. काहीच बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला धडकी भरते.

रात्री भाचा आला. “मामा, फॉन्ट तुमच्या संगणकात आहे, लोकांच्या मोबाईलमध्ये कुठाय? तुम्ही नुसतं नाव दिलंय, फाईल चढवलीच नाही. आणि चढवली तरी आतला मजकूर इंग्रजीच राहणार. गूगलला पिठलं सापडायचं नाही.”

मला बँकेच्या भाषेत समजले. जुन्या फॉन्टात खाते इंग्रजी अक्षराचे, त्यावर फोटो तेवढा आपल्या ‘क’चा. शुद्ध बेनामी व्यवहार! फोटो निघाला की मूळ खातेदार उघडा. युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 साली निघाली. त्यात ‘क’ला स्वतःचा खाते क्रमांक आहे, 2325. इंग्रजी ‘ए’चा 65. आता एवढी केवायसी झालेली असताना मी बेनामी खाते चालवत होतो!

मग रात्री बारापर्यंत सगळा मेनू युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केला. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट लावला. तो फुकट आहे, हे कळल्यावर माझ्यातला कारकून सुखावला. तरी मथळ्यातली शिरोरेषा जागोजाग तुटलेली! प्रत्येक अक्षर वाळत घातलेल्या कपड्यासारखे वेगळे लोंबत होते.

“अक्षरांमधलं अंतर शून्य करा,” भाचा म्हणाला. “इंग्रजी मथळ्यांना ते शोभतं, आपली रेघ मोडते.” शून्य केले. आयुष्यात प्रथमच शून्य शिल्लक पाहून आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सात डबे गेले. आठवा फोन कालच्याच गृहस्थांचा. “पार्ट राहू द्या साहेब, पिठलं-भाकरी पाठवा.”

सौ.ने तो डबा स्वतः भरला, वर वाटीभर शिरा ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तुम्हीही घ्या थोडा.”

थोडाच का, हे विचारण्याचे धाडस मी केले नाही.