मोटर गेली नाही, वाट अडलीय!

व्हॅक्युम क्लीनर सहसा एका दिवसात बंद पडत नाही. आवाज तोच, थाट तोच, पण एक दिवस लक्षात येतं की तीनदा ब्रश फिरवूनही सतरंजीवरचा केस तिथेच! मग आपण काय करतो? मेट्रोत बसल्याबसल्या मोबाइलवर नवीन मॉडेल्स बघायला लागतो.

संत तुकाराम नगरच्या आमच्या घरी दिवाळीनंतर हेच झालं. आईला धुळीची ॲलर्जी. केरसुणी फिरली की रात्रभर शिंका आणि धाप. त्यामुळे हे मशीन आमच्याकडे चैन नाही, गरज आहे. मेकॅनिक आला, दोन मिनिटं आवाज ऐकला आणि म्हणाला, ‘मोटर गेली. नवीनच घ्या.’ बाबा गप्प होते. कंपनीत तीस वर्षं मेंटेनन्स सांभाळून रिटायर झालेला माणूस! मेकॅनिक गेल्यावर एवढंच म्हणाले, ‘एक रुपयाचं नाणं आण.’

त्यांचं लॉजिक सिंपल. आतला पंखा हवा मागून बाहेर फेकतो, म्हणून पुढून हवा आत धावते आणि धूळ सोबत आणते. वाट अडली की हवा कमी, ओढही कमी. गंमत म्हणजे तेव्हा पंख्यावरचा भार हलका होतो, मोटर जास्त वेगाने फिरते आणि आवाज चढतो. म्हणजे चढलेला आवाज ही मोटर जिवंत असल्याची खूण! मात्र अनेक घरगुती मशीनमध्ये हीच हवा मोटरला थंड ठेवते. तसंच दामटलं तर ती खरंच जळू शकते.

मग तपासणी. नळी काढून, मशीन चालू करून तोंडावर तळहात धरला. ओढ थोडी कमी. नळी लावून तिच्या टोकाशी धरला, तर जवळपास काहीच नाही. म्हणजे गडबड दोन्हीकडे! प्लग काढून नाणं नळीत सोडलं, ते दुसऱ्या टोकाने पडलंच नाही. हँडलच्या वाकणात केसांचा बोळा आणि फटाक्याच्या पाकिटाचा कागद. पिशवी अर्धी रिकामी, पण रांगोळीच्या बारीक पुडीने तिची छिद्रं बुजलेली. पिशवीच्या याच दुखण्याला वैतागून ब्रिटनच्या जेम्स डायसन यांनी ५,१२७ नमुने बनवत बिनपिशवीचं मशीन जमवलं. आमचं काम नव्या पिशवीवर भागलं. फोमचा फिल्टर धुऊन पूर्ण एक दिवस वाळवला. ओला लावायचा नाही, ही बाबांची सक्त ताकीद. त्या रात्री आई शांत झोपली.

पिंपरी-चिंचवडमध्ये असे रिटायर्ड फिटर, टर्नर गल्लोगल्ली आहेत. आयुष्यभर मशीनची नाडी बघितलेली माणसं, आणि आपण ॲपवरून अनोळखी माणसाला बोलावतो! नवीन मॉडेल घ्यायचं तर जरूर घ्या. पण आधी रविवारचा अर्धा तास द्या. आणि घरात असा कुणी असेल, तर नाणं त्यांच्याच हातात द्या.