लाजाळू काच

माणसाने खिडकीचा शोध लावला त्याच्या दुसऱ्याच दिवशी पडद्याचा लावला असावा. आणि तिसऱ्या दिवशी, पडदा बोटभर बाजूला सारून शेजारी काय चाललंय ते बघण्याचा. हा तिसरा शोध मराठी माणसाचाच, असं माझं गिरगावातल्या बालपणावर आधारलेलं ठाम मत आहे. आमच्या दोन खोल्यांच्या मधल्या दाराला आईच्या जुन्या नऊवारीचा पडदा होता. तो सरकवला, की आतलं जग निराळं झालं असं सर्वांनी समजायचं आणि पलीकडचं बोलणं स्वच्छ ऐकू येत असतानाही ऐकू येत नसल्यासारखा चेहरा करायचा. पडद्याचं निम्मं काम कापड करायचं, निम्मं समोरचा माणूस.

आता जुहूला माझ्या भाच्याच्या ब्लॉकमध्ये हे सगळं काम एकटी काच करते.

त्याचं असं झालं. माझी थोरली बहीण, आमची ताई, या भाच्याकडे असते. वय एक्याऐंशी. गेल्या पावसाळ्यात बाथरूमच्या उंबऱ्यापाशी ती घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरात वॉकर आला, आणि वॉकरच्या पाठोपाठ एक प्रश्न आला : ताईच्या खोलीचं दार उघडं ठेवायचं की बंद? भाचा म्हणे उघडं. पुन्हा पडली तर कळणार कसं? ताई म्हणे बंद. "जन्म चाळीत गेला. आता कुठे एक खोली माझी म्हणून मिळाली, तिचं वेटिंग रूम करू नका." भाचेसून म्हणे, दोघांचंही बरोबर आहे. असं म्हणणाऱ्या माणसाच्या नशिबी नेहमी खर्च येतो. हॉल आणि खोली यांच्यामधली अर्धी भिंत काढून तिथे स्मार्ट काच बसली. तिची किंमत मी विचारली नाही, कारण मला ती सांगितली असती.

काच बसवायला आलेल्या पोराने बटण दाबलं आणि दुधासारखी पांढरी काच डोळ्याचं पातं लवायच्या आत आरपार झाली. पलीकडे पलंगावर ताई, हातात जपमाळ, चेहऱ्यावर दत्ताच्या देवळात कुणीतरी चपला घालून शिरल्यावर येतो तो भाव. पुन्हा बटण, पुन्हा दूध. मी त्या पोराला विचारलं, "आत काय भरलंय?" तो म्हणाला, "फॉग आहे, अंकल."

आत धुकं नसतं. दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकसारखा एक पातळ पापुद्रा असतो आणि त्यात द्रवस्फटिकाचे अतिसूक्ष्म थेंब विखुरलेले असतात. द्रवस्फटिक म्हणजे आपल्या कॅल्क्युलेटरवर आकडे दाखवतो तोच पदार्थ. वाहतो पाण्यासारखा, पण त्याचे रेणू स्फटिकातल्यासारखे रांगेत राहू शकतात. वीज नसते तेव्हा प्रत्येक थेंबातल्या रेणूंचं तोंड भलतीकडे. रविवारी संध्याकाळी जुहू चौपाटीवर सरळ समुद्रापर्यंत चालत जायचा प्रयत्न केलाय कधी? भेळवाला, फुगेवाला, वाळूत बसलेलं कुटुंब, कुणाला ना कुणाला धडकून आपण कुठल्या कुठे जातो. उजेडाचंही तेच होतं. तो पलीकडे पोचतो, पण वाटेत इतका भरकटतो की कुठून निघाला होता ते सांगू शकत नाही. म्हणून काच पांढरी दिसते. पापुद्र्याच्या दोन्ही अंगांना इंडियम आणि कथिल यांच्या ऑक्साइडचा थर असतो. हा थर पारदर्शक, तरी वीज वाहून नेणारा. त्यात वीज सोडली की सगळे रेणू एनसीसीच्या पोरांसारखे एका दिशेला तोंड करून उभे राहतात आणि उजेड मधून सरळ चालत जातो.

या पदार्थाचं मूळ, सांगितलं तर हसाल, गाजरात आहे. फ्रीड्रिश रायनिट्झर नावाचा ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ 1888 साली प्रागमध्ये गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलवर प्रयोग करत होता. त्यापासून केलेला एक पदार्थ त्याला दोनदा वितळताना दिसला : 145 अंशांच्या आसपास गढूळ, आणि पुढे 178 च्या आसपास एकदम स्वच्छ. आपण असतो तर गाजराचा हलवा करून मोकळे झालो असतो. पुढे 1977 साली बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले, म्हणजे या घराण्याची एक शाखा आपल्याकडची आहे.

मला यातलं सगळ्यात आवडलं ते हे, की ही काच मुळात धूसर असते. वीज खर्च होते ती आरपार दिसण्यासाठी. चौरस मीटरला जेमतेम काही वॉट, पण होते. झाकून राहणं फुकट, उघड होण्याला मीटर! आमच्या नात्यातल्या निदान तीन माणसांचा स्वभाव मला या एका वाक्याने उलगडला.

तिच्या मर्यादाही आहेत. भाच्याला वाटलं होतं, पश्चिमेच्या खिडकीलाही हीच काच लावली की दुपारचं ऊन थांबेल. ऊन थांबत नाही, नुसतं पसरतं. उन्हासाठी निराळ्या जातीची काच लागते, टंगस्टन ऑक्साइडचा थर असलेली. विजेच्या इशाऱ्याने त्या थरात लिथियमचे आयन शिरतात आणि काच निळी होत जाते. पण मिनिटं लागतात, सरकारी फायलीसारखी. बोइंग 787 विमानाच्या खिडक्याही अशाच, सावकाश निळ्या होणाऱ्या. एअर इंडियाकडे ही विमानं 2012 साली आली. खिडकीला सरकवायची झडप नाही, खाली एक बटण. मात्र सगळ्या खिडक्यांची किल्ली विमानातल्या कर्मचाऱ्यांकडे. त्यांनी ठरवलं की रात्र, मग तुमचं बटण नुसतं दाबायचं.

ताईच्या घरी भांडण पेटलं ते नेमकं या किल्लीवरून. काचेचं बटण हॉलमध्ये बसवलं होतं आणि दुसरं भाच्याच्या मोबाइलमध्ये. सुरुवातीला सगळे खूश. मग एका संध्याकाळी ताई केस मोकळे सोडून विंचरत बसली होती आणि काच अचानक स्वच्छ झाली. हॉलमध्ये भाचा आणि त्याच्या ऑफिसमधले दोन गृहस्थ, हातात चहाचे कप. भाच्याने बिचाऱ्याने "आई ठीक आहे ना" एवढंच बघायला अंगठा टेकवला होता. ताईने पदर डोक्यावर घेतला, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तो काय, त्या महागड्या काचेवर आतून इरकली साडी लटकलेली. पडद्याच्या दांडीला, कपड्यांच्या चिमट्यांनी.

मला फोन आला. "मामा, तुम्ही समजवा तिला." मी अंधेरीहून मेट्रोने गेलो. 8 जून 2014 ला सुरू झालेली ही मेट्रो जे. पी. रोडवरून इतक्या लगटून जाते, की कुणाच्या घरात आज कोणती भाजी निवडली जातेय हे डी. एन. नगर येईपर्यंत कळतं. सिंगापूरला बुकिट पांजांगमध्ये 1999 पासून धावणाऱ्या गाडीच्या खिडक्या राहत्या इमारतींजवळून जाताना आपोआप धूसर होतात. तिथे लाज गाडीने बाळगायची. आपल्याकडे ती भाजी निवडणाऱ्याने.

ताई म्हणाली, "तू पण त्याच्याच बाजूने आलास ना?"

मी म्हटलं, "अगं, काळजीपोटी करतो तो."

"काळजी मला कळते रे. पण मी काय टीव्ही आहे, वाटेल तेव्हा लावायला?"

यावर उत्तर नव्हतं, म्हणून मी टोकियो सांगितलं. तिथे 2020 साली शिगेरू बान या वास्तुशिल्पकाराने बागेत रंगीत काचेचे सार्वजनिक संडास बांधले. बाहेरून आतलं सगळं दिसतं : स्वच्छ आहे, आत कुणी दडलेलं नाही. आत जाऊन कडी लावली की काच धूसर.

"काचेचा संडास!" ताई बराच वेळ हसली. मग एकदम थांबली. "कडी कुठून लावायची म्हणालास?"

"आतून."

"बोलव त्याला."

थंडीत त्या टोकियोच्या काचा वेळेवर धूसर होईनात, असं 2023 साली बातम्यांत आलं होतं. ते मी तिला सांगितलं नाही. वकिलाने साक्षीदाराची सगळीच हकीकत सांगायची नसते.

खटला अर्धा तास चालला. भाच्याने कायदा काढला : 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने मोटारींच्या काचांवर काळी फिल्म लावायला बंदी घातली, पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचेतून 50 टक्के उजेड पार व्हायलाच हवा, म्हणजे सुरक्षिततेपुढे खाजगीपण दुय्यम. जुहूतल्या भल्याभल्या नटांच्या गाड्यांना तो नियम लागू आहे. ताई म्हणाली, "मी मोटार नाही."

शेवटी बटण आत गेलं, पलंगाच्या उशाशी. मोबाइलमधलं काढून टाकलं. ताईने आपण होऊन कबूल केलं, की रात्री बाथरूमला उठताना काच उघडी करीन आणि परत आल्यावर बंद. हॉलमध्ये झोपणाऱ्या आयाला तेवढं पुरतं. साडी घडी होऊन कपाटात गेली. आता सकाळी सहाला काच स्वच्छ होते, म्हणजे ताई उठली. दोनदा लुकलुकली की चहा. तीनदा लुकलुकली की चहा गार होता. हे तिसरं भाचेसुनेला अजून कळलेलं नाही, असं ती दाखवते.

परवा सोसायटीत मीटर-बॉक्सचं काम निघालं. दिवसभर वीज नव्हती. काच पांढरी ती पांढरीच. मी तिथेच होतो. भाचा अकरा वाजेपर्यंत हॉलमध्ये येरझारा घालत होता, काचेला नाक लावून बघत होता. आत एक अस्पष्ट सावली हलत होती, बस्स. अखेर तो दाराकडे गेला आणि ते नवं घर घेतल्यापासून बहुधा पहिल्यांदाच त्याने आईच्या दारावर टकटक केली.

आतून आवाज आला, "कोण आहे?"