बुधवार पेठेतून आमच्या कपाटापर्यंत

स्टेशनच्या अलीकडे आमची वस्ती. तिथून बुधवार पेठ फार तर तीन किलोमीटर. पण आमच्या आईने त्या बाजूला जन्मभर फक्त मंडईसाठी पाय ठेवला, पुस्तकासाठी कधीच नाही. गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही चार घरची माणसे आणि सात पोरे मुद्दाम निघालो. डबे सोबत, बसने मंडईला उतरलो आणि पुढे पायी.

पहिला थांबा विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा. लाकडी कोरीव खांब बघून पोरे गप्पच झाली. पेशवाई गेल्यावर 1821 साली इथे इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा काढली ती दक्षिणेच्या पैशातून आणि ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी. पुढे याच वाड्यात शासकीय विभागीय ग्रंथालय आले. एका उंबऱ्याला एवढे बदलायला किती वर्षे लागली, हा हिशोब आम्ही पोरांनाच घालायला लावला.

तिथून बुधवार चौक जवळच. पुणे नगर वाचन मंदिर हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. 1848 साली नेटिव्ह जनरल लायब्ररी म्हणून ते सुरू झाले आणि त्यात लोकहितवादींचा पुढाकार होता. आता नीट ऐका. त्याच 1848 साली, त्याच बुधवार पेठेत, भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. एकाच पेठेत एकाच वर्षी पुस्तकांचे घर आणि शाळा! भिडेवाडा दगडूशेठ गणपतीसमोर होता. 2023 च्या डिसेंबरात मोडकळीस आलेली ती वास्तू पाडली, स्मारक उभारायचे म्हणून. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून पोरांना तेवढेच सांगितले. गणपतीच्या रांगेतली माणसे आमच्याकडे बघत होती.

पण आमच्या पोरांना खरी कथा आवडली ती मुक्ताची. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली चौदा-पंधरा वर्षांची मुक्ता साळवे. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आम्हाला धर्माचे पुस्तकच नाही, असे तिने त्यात रोखठोक मांडले. असे सांगतात, की बक्षीस म्हणून खाऊ देऊ केला तेव्हा तिने खाऊ नको, वाचायला ग्रंथालय द्या, असे साहेबाला म्हटले. हे ऐकून आमच्यातली दहावीची पोरगी थांबलीच. म्हणाली, "मावशी, मग दिलं का तिला?" आम्ही एकमेकींकडे बघितले. उत्तर कुणाकडेच नव्हते.

पुढे सरकारने 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदान मिळते. 2017 साली पाचगणीजवळच्या भिलारला पुस्तकांचे गाव केले, घरोघरी पुस्तके ठेवली. छान आहे, पण स्ट्रॉबेरीच्या गावाला सहल काढायची म्हणजे आमच्या चार घरांचा महिन्याचा किराणा!

आमचे ग्रंथालय म्हणजे विहाराच्या मागच्या खोलीतले एक लोखंडी कपाट. सरकारने 1979 पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे काही खंड, 'बुद्ध आणि त्याचा धम्म', शाळेची जुनी पुस्तके, थोड्या कादंबऱ्या. दया पवारांचे 'बलुतं' तीन वेळा गहाळ झाले, तिन्ही वेळा कुणाच्या तरी घरी सापडले. एकदा तर पानांवर वरणाचे डाग होते. आम्हाला त्याचे वाईट वाटले नाही.

वाईट वाटते ते दुसरेच. ती खोली लग्नाची भांडी आणि मंडपाचे सामान ठेवायला द्यायची, असे आमच्याच काही मंडळींचे मत आहे. भाडे येईल, वस्तीच्या कार्याला उपयोग होईल. त्यांचे म्हणणे अगदी खोटे नाही; विजेचे बिल कोण भरणार? पण त्याच खोलीत संध्याकाळी सात ते नऊ ही दहावीची पोरगी अभ्यास करते, कारण घरी एका खोलीत सहा माणसे आणि टीव्ही. बाहेरच्या अभ्यासिकेची महिन्याची फी तिच्या आईला परवडणारी नाही.

परत येताना बसमध्येच ठरले. भांडी दोन घरांच्या पोटमाळ्यावर जातील, एक पोटमाळा आमचाच. कपाटाची किल्ली आजवर एकाच काकांकडे असायची, आता तीन किल्ल्या होतील. बिलासाठी घरटी दहा रुपये. सोमवारी नवी वही आणली, पहिल्या पानावर रेघा मारल्या. पहिले नाव त्या पोरीने स्वतःच लिहिले. पुस्तकाच्या रकान्यात तिने 'बलुतं' लिहिले. ते कुणाकडे आहे, याचा शोध सध्या चालू आहे.