पाण्याची रेघ

गाडी कधी आलीच नाही, तरी त्या जागेला आम्ही गॅरेजच म्हणत राहिलो. अडाजणच्या आमच्या रो-हाऊसच्या कडेला तीन बाजूंनी वीट, वर पत्रा. तिथे माय साड्यांना फॉल लावते, पिको करते. सुरतेत साड्यांना तोटा नाही, तोटा सावलीला. मे महिन्यात पत्रा असा तापतो की दुपारी मशीनचं चाकही चटका देतं. यंदा ठरवलं, आतून प्लायवूड मारायचं.

आप्पांना हे पटलं नव्हतं. नोकरी सगळी उधन्याला, रेल्वेत. पण घर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे अमळनेरकडचं धाब्याचं घरच येतं. लाकडी सरे, त्यांवर काड्या, वर हातभर माती. भिंती एवढ्या रुंद की कोनाड्यात मांजर विते. बाहेर फुफाटा पेटलेला आणि आत माठातला गारवा.

दुकानात दोन शिक्के पुढे आले. ३०३ म्हणजे साधा, ७१० म्हणजे मरीन. "बहात्तर तास उकळला तरी पापुद्रा सुटणार नाही," दुकानदार म्हणाला. थाप नव्हती, ७१० च्या डिंकाची चाचणी खरोखरच तशी घेतात. मला प्लायवूड आवडतं. लोक त्याला नकली लाकूड म्हणतात, पण त्यातली अक्कल बघा: एका पापुद्र्याच्या रेषा उभ्या, पुढच्याच्या आडव्या. लाकूड फुगायला निघालं की शेजारचा थर त्याला धरून ठेवतो. एकत्र कुटुंबात एवढं जमत नाही.

मिस्त्री राजस्थानचा. त्याने भिंतीवर पट्ट्यांची जाळी ठोकली. पत्र्याखाली काय भरायचं, यावर तो म्हणाला, थर्माकोल स्वस्त पडेल. मायने हातातली साडी खाली ठेवली. २४ मे २०१९ ला सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडमध्ये आग लागली, २२ जीव गेले, बहुतेक शिकवणीला आलेली पोरं. त्या संध्याकाळपासून आमच्या घरात थर्माकोलची गोष्ट निघत नाही. रॉकवूल आणलं. दगड वितळवून काढलेला तो कापूस. हाताला खाजतो, पण पेट घेत नाही.

आप्पांनी पहिल्याच शीटवर बोटाने टकटक केलं. "हाई भीत पोकय शे."

"आप्पा, त्या पोकळीचेच पैसे दिलेत."

खरंच तसं होतं. प्लाय आणि वीट यांच्यामध्ये दोन इंच हवा अडकते, आणि अडकलेली हवा उष्णता पुढे ढकलायला भारी आळशी. धाब्याची माती वेगळी. ती दिवसभर ऊन गिळत बसते आणि रात्री सावकाश ओकते, म्हणून तर खानदेशात उन्हाळ्यात सगळं गाव धाब्यावर झोपायला जायचं. पोकळी काही गिळत नाही, दारातूनच परत पाठवते. हे मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "मग पाहुण्याला पाणीही नाही."

खालून चार बोटं जागा सोडायची, हे मिस्त्रीने न सांगता केलं. फरशीला टेकलेला प्लाय पावसाळ्यात ओल ओढतो आणि मग वाळवी येते, शिक्का कुठलाही असो.

तिसऱ्या दिवशी तो मागच्या भिंतीपाशी आला. तिथे छातीइतक्या उंचीवर खिळ्याने ओढलेली एक रेघ आहे, खाली तारीख: ऑगस्ट २००६. उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या वर पाणी सोडलं आणि तापी घरात शिरली. तीन दिवस आम्ही गच्चीवर. मुलताईला उगवलेली, आप्पांच्या तालुक्याच्या कडेने वाहत आलेली नदी. पाणी ओसरल्यावर माय चिखल उपसत होती आणि आप्पा खिळा शोधत होते. "गावचं पाणी आलं होतं," एवढंच ते कधीमधी म्हणतात, आणि त्यात राग किती नि अभिमान किती हे मला अजून उमगलेलं नाही.

मिस्त्रीने शीट उचललं. आप्पा खुर्ची घेऊन समोर येऊन बसले. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्याला म्हणाले, "इसको फेविकॉल मत लगाना. सिर्फ स्क्रू."

चार कोपऱ्यांना चार स्क्रू लागले. मायच्या मशीनच्या खणात, बॉबिनांशेजारी, आता एक पेचकस असतो.