नागिणीचा विळखा

उजव्या बरगडीखाली आग होत होती. वाटलं, आईंना, म्हणजे सासूबाईंना, पलंगावरून उठवताना लचक भरली असेल. तिसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी पाठीपासून पोटाकडे निघालेली बारीक फोडांची रांग दिसली. शेजारच्या काकूंनी बघताक्षणी निदान केलं, "नागीण आहे गं ही. विळखा पुरा झाला की माणूस जातं." गेरू लाव, उतरवून घे, हेही सांगितलं. मी गेरू लावला नाही. पण त्या रात्री दोनदा आरशासमोर उभी राहून दुसऱ्या बाजूने काही येतंय का ते पाहिलं, हे खरं.

डॉक्टर हसले. मणक्यातून निघणारी प्रत्येक नस शरीराची एकच बाजू सांभाळते, म्हणून नागीण सहसा अर्ध्यावरच थांबते, म्हणाले. मग विचारलं, "लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या?" झाल्या होत्या, दुसरीत असताना. तो विषाणू तेव्हापासून मणक्याजवळच्या नसांच्या गाठीत दबा धरून होता. शरीराच्या टी पेशी त्याच्यावर पहारा देतात. पहारा ढिला पडला की तो नसेच्या वाटेने कातडीवर येतो.

"घरी काय चाललंय सध्या?" या प्रश्नावर मात्र मला रडू फुटलं.

सासूबाईंना स्मृतिभ्रंश होऊन दोन वर्षं झाली होती. रात्री दोनला उठून त्या पिशवी भरायच्या. माहेरी जायचंय, एसटी चुकेल. दाराला कुलूप दिसलं की मला चोर ठरवायच्या. सलग चार तास झोप मी शेवटची कधी घेतली, ते आठवत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, ताण थोडा वेळ असला तर शरीर निभावून नेतं. पण महिनोन्महिने टिकला तर कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं प्रतिकारशक्तीलाच लगाम घालतात. "निव्वळ ताणानेच झालं असं छातीठोक नाही सांगणार," हेही म्हणाले, "चोपन्न वय हेही कारण आहेच."

पुढे वाचनात आलं, १९९५ साली अमेरिकेत जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर यांनी माझ्यासारख्याच बायकांचा अभ्यास केला होता. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची शुश्रूषा करणाऱ्या १३ जणी आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ जणी. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली. शुश्रूषा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. वाचून विचित्र समाधान वाटलं. म्हणजे मी नाजूक नव्हते तर!

पुरळ उठल्यावर ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या, म्हणून थोडक्यात निभावलं. दिवसातून पाच वेळा, सात दिवस. भेटायला येणारा प्रत्येक जण "ताण घेऊ नकोस" म्हणून चहा पिऊन गेला. इतका निरुपयोगी सल्ला दुसरा नसेल. ताण काय मी बाजारातून आणला होता? प्राणायामाची चिठ्ठीही कुणी दिली. करून पाहिला, बरं वाटलं, पण आईंच्या हाका त्याने थांबत नव्हत्या.

खरा फरक पडला तो एका भांडणाने. दिराला फोन करून मी पहिल्यांदाच आवाज चढवला. आता दुपारी चार तास एक मावशी येतात, तेवढ्यात मी झोपते किंवा नुसती रंकाळा तलावाला एक फेरी मारून येते. आणि शनिवार-रविवारच्या रात्री आईंची पिशवी दीर रिकामी करतो.