चांद्याची वही

माझे आई-वडील मेंढपाळ आहेत. आमचे गाव पारनेर तालुक्यात आहे. आमच्या जिल्ह्याचे नाव पूर्वी अहमदनगर होते, २०२४ साली ते अहिल्यानगर झाले. आमच्या भागात पाऊस कमी. दिवाळी सरली की रानात चारा उरत नाही. मग आई आणि दादा मेंढरे घेऊन कोकणाकडे निघतात. वडिलांना मी दादा म्हणतो. टाकळी ढोकेश्वर, बेल्हे, आळेफाटा, ओतूर असे करीत करीत माळशेज घाट उतरायचा आणि मुरबाडकडे जायचे. तिकडे तेव्हा भाताची कापणी झालेली असते. मोकळ्या शेतात रात्री मेंढरे बसवली की शेतकऱ्याला लेंडीखत मिळते. तो बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. कोकणातला पाऊस मेंढरांना सोसत नाही. लोकर भिजते, खुरांना रोग होतो. म्हणून पावसाळ्याआधी परत यायचे. तोपर्यंत मी आजीजवळ राहून शाळा शिकतो.

वाड्यात चार बिऱ्हाडे असतात. आमच्या बिऱ्हाडात आई आणि दादा दोघेच. घोड्याच्या पाठीवर भांडी, घोंगड्या, कोंबड्या आणि चालता न येणारी कोकरे. वर आभाळ आणि भोवती मेंढरे, हेच त्यांचे घर.

आमच्या वाड्यावर वाघ्या नावाचा कुत्रा होता. मागच्या वर्षी ओतूरच्या बाजूला उसातून बिबट्या आला आणि त्याने वाघ्याला नेले. जुन्नर तालुक्यात उसाच्या रानात बिबटे फार आहेत. त्या दिवशी आई जेवली नाही, असे दादांनी फोनवर सांगितले.

यंदा दसऱ्याला दादांनी दुसऱ्या वाड्यावरून एक पिल्लू आणले. ते दीड महिन्याचे होते. अंगाने काळे आणि कपाळावर पांढरा ठिपका. मी त्याचे नाव चांद्या ठेवले. तो माझ्या उशाशी झोपायचा. माझी एक चप्पल त्याने फाडून टाकली, तरी मला राग आला नाही. मी दादांना म्हणालो, "याला माझ्याजवळ राहू द्या ना." दादा म्हणाले, "वाड्याचं कुत्रं हाय ते. घरी बांधून ठिवलं तर वाया जाईल." मी पुढे काही बोललो नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आई बिऱ्हाड बांधत होती. चांद्याने दोरी तोंडात धरली. आई ओढायला गेली आणि त्याचे दात तिच्या अंगठ्याजवळ रुतले. रक्त आले. आजी म्हणाली, "तिखट लावा, तिखट!" आणि डबा घेऊन धावत आली. पण मला आमच्या गुरुजींचे बोलणे आठवले. २८ सप्टेंबरला परिपाठात गुरुजींनी लुई पाश्चर यांची माहिती सांगितली होती. त्यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरची लस दिली आणि तो मुलगा वाचला. २८ सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन. त्याच दिवशी जागतिक रेबीज दिन पाळतात. गुरुजी म्हणाले होते की, रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचतच नाही, म्हणून आधीच सुया घ्यायच्या आणि जखमेला चुना, तिखट, हळद काही लावायचे नाही.

मी आईचा हात नळाखाली धरला आणि साबण लावून पंधरा मिनिटे धुतला. आजी म्हणत होती, "पाण्यानं काय हुतंय?" मी घड्याळ बघत होतो.

आई दवाखान्यात यायला तयार होईना. आजीला लहानपणी कुत्रे चावले होते, तेव्हा तिला पोटात चौदा सुया दिल्या होत्या. ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आई म्हणाली, "चार दिसांनी निघायचंय. पोटात सुया घिऊन घाट कसा उतरू?" शेवटी दादांनी तिला मोटारसायकलवर बसवले. मधे मी बसलो.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी सांगितले की, पोटातली ती जुनी लस आता बंद झाली आहे. आता दंडाला सुई देतात. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आले होते म्हणून जखमेभोवती आणखी एक औषध टोचले. तेव्हा आईने माझा हात घट्ट धरला होता. बाईंनी एक कार्ड दिले आणि म्हणाल्या, "हे कार्ड जपा. रस्त्यात कुठल्याही सरकारी दवाखान्यात दाखवा. एकही सुई चुकवू नका."

दादांनी विचारले, "आन् त्या पिल्लाचं काय? मारून टाकू का?"

बाई म्हणाल्या, "मुळीच नाही. त्याला बांधून ठेवा आणि दहा दिवस लक्ष ठेवा. दहा दिवस धडधाकट राहिले तर काळजी मिटली. खाणे सोडले, लाळ गळू लागली, उगाच अंगावर धावू लागले, तर लगेच कळवा. त्याच्या जवळ जाऊ नका."

घरी आल्यावर दादा म्हणाले, "मी न्हाई न्यायचा त्याला. राहू दे तुझ्याजवळ." मित्रांनो, खरे सांगतो. आईच्या हाताला पट्टी होती आणि मला मनातून आनंद झाला. मग माझी मलाच लाज वाटली.

मी एका वहीवर 'चांद्या' असे नाव घातले आणि रोज लिहू लागलो. पहिला दिवस : भाकरी खाल्ली, पाणी प्याला. दुसरा दिवस : भाकरी खाल्ली, शेपूट हलवली. तिसऱ्या दिवशी आईने दुसरी सुई घेतली. चौथ्या दिवशी पहाटे वाडा निघाला. घंटांचा आवाज ओढ्यापलीकडे जाईपर्यंत मी उभा होतो. चांद्या साखळी ताणून ओरडत होता.

त्या दिवशी त्याने भाकरीला तोंड लावले नाही. पाचव्या दिवशीही नाही. नुसता कोपऱ्यात पडून राहिला. माझ्या पोटात गोळा आला. वही उघडली, पण पेन चालेना. वाटले, 'खाल्ली' असेच लिहावे. नाहीतर चांद्याला नेतील. मग आईचा हात डोळ्यांपुढे आला. मी लिहिले, 'चौथा दिवस, खाल्ले नाही. पाचवा दिवस, खाल्ले नाही.' आणि वही घेऊन चुलत्यांकडे गेलो.

चुलत्यांनी लगेच आरोग्य केंद्राला कळवले आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून आणले. त्यांनी चांद्याला दुरून पाहिले. पाण्याची वाटी काठीने पुढे सरकवली. तो पाणी प्याला. डॉक्टर म्हणाले, "लाळ नाही, तोल जात नाही. कळपाची आठवण काढत असेल. पण आज खात्रीने सांगता येणार नाही. दहा दिवस पुरे होऊ द्या."

सातव्या दिवशी आईची तिसरी सुई होती. चुलते म्हणाले, "चल, पिल्लू पन घे. काय व्हायचं ते दादासमोर हू दे." आम्ही चांद्याला कोंबड्यांच्या डालग्यात घातले, वरून पोते बांधले आणि मोटारसायकलवर आळेफाट्याला गेलो. वाडा रस्त्यापासून आत एका शेतात उतरला होता. आई नुकतीच दवाखान्यातून आली होती. तिने आधी मला कार्ड दाखवले. तिला वाचता येत नाही, पण तिसरी खूण कुठे आहे ते तिला ठाऊक होते.

डालगे मेंढरांजवळ ठेवले तेव्हा चांद्या ताठ उभा राहिला. नाकाने वास घेऊ लागला. दादांनी लांबूनच भाकरीचा तुकडा टाकला. त्याने तो गपकन खाल्ला. दुसराही खाल्ला. आई तोंडाला पदर लावून हसली. दादा काही बोलले नाहीत. त्यांनी साखळी घोड्याच्या खुंट्याजवळ ठोकली आणि म्हणाले, "हितंच राहू दे दहा दिस हुईस्तोवर."

चुलते परत गेले. शाळेला सुट्टी होती म्हणून मी वाड्याबरोबर ओतूरपर्यंत चाललो. रोज तीन कोस चालायचे. दुपारी बाभळीखाली टेकायचे. संध्याकाळी मेंढरांभोवती वाघर लावायची. वाघर म्हणजे जाळीचे कुंपण. रात्री आई आणि दादा आळीपाळीने जागे राहतात, हे मला पूर्वी माहीत नव्हते. बॅटरीचा उजेड उसावर फिरवतात. आई दुखऱ्या हातानेही उठायची. एका रात्री चांद्या एकदम भुंकला. दादांनी बॅटरी मारली. उसाच्या कडेला दोन डोळे चमकले आणि नाहीसे झाले. कोल्हा होता की बिबट्या, ते कळले नाही. दादा त्याला म्हणाले, "शाब्बास रं!" दसऱ्यापासून प्रथमच त्यांच्या तोंडून मी ते ऐकले.

दहावा दिवस ओतूरला मांडवी नदीच्या काठी उजाडला. मी वहीत लिहिले, 'दहावा दिवस. भाकरी खाल्ली, पाणी प्याला, कोकरांमागे धावायला बघतो.' दादांनी वही हातात घेतली, अक्षरे लावून लावून वाचली आणि साखळी सोडली.

मी घरी यायला निघालो तेव्हा दादा म्हणाले, "नेतोस का त्याला?" चांद्या मेंढरांच्या मागे उभा होता. मी म्हणालो, "नको. वाड्याचं कुत्रं हाय." एस. टी. सुटेपर्यंत मी खिडकीतून पाहिले नाही.

आता ते घाट उतरून मुरबाडकडे गेले आहेत. अठ्ठाविसाव्या दिवशी आईने मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात शेवटची सुई घेतली. चांद्याला तेव्हा तीन महिने झाले होते, म्हणून त्याच दिवशी दादांनी त्यालाही जनावरांच्या दवाखान्यात नेऊन लस दिली. आई फोनवर म्हणाली, "मी न्हाई ओरडले, त्योच ओरडला." आजी आता शेजारणीला सांगते, "तिखट लावू नका, साबण लावा." दादांनी चांद्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घातला आहे. बिबट्याने मान धरू नये म्हणून तो घालतात.

वहीची पाने अजून पुष्कळ उरली आहेत. आई-दादा रोज कुठे उतरले ते मी आता तिच्यात लिहितो. पावसाळ्याआधी ते परत येतील तेव्हा चांद्या मला ओळखील का, हे शेवटच्या पानावर लिहिणार आहे.